भरतीचं वेळापत्रक

ऑड्रा फॉल्किंगहॅमच्या अर्जाची मुदत
उद्या रात्री बाराला संपते
आणि शिफारसपत्र माझ्यापाशी अडकलंय.

विद्यार्थिनीला किती वर्षं ओळखता?
सतरा.
ती जन्मली त्या रात्री बर्फाने रस्ता बंद होता
आणि तिच्या बापाला माझा ट्रक लागला होता.
फॉर्म म्हणतो, फक्त शैक्षणिक परिचय धरावा.
खोडून तीन लिहिलं.

वर्गात तिचं स्थान?
वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा…
आमच्या अकरावीत मुलं अकरा.
एक टक्का म्हणजे एका मुलाचा नववा हिस्सा,
फार तर खांद्यापासून एक हात.
बरं, हात तर हात. ऑड्राचाच धरू :
आंगठ्याशी शेवंडाच्या नांगीचा जुना व्रण,
नखांत आमिषाचं मीठ.
सप्टेंबरात ती पहाटे बोटीवर जाऊन मग शाळेत यायची
तेव्हा पहिल्या तासाला माझ्या प्रयोगशाळेत
सगळ्यांना हेरिंगचा वास यायचा, आणि कुणी काही बोलायचं नाही,
कारण निम्म्यांच्या घरी तोच वास.

दक्षिणेला, बोस्टनपाशी, सहा आठवडे.
सागरी जीवशास्त्र. वसतिगृह, सूक्ष्मदर्शक, प्राध्यापक.
माहितीपत्रकात लिहिलंय, उन्हाळा हा स्वतःचा कल शोधण्याचा काळ.
इथे मेनच्या टोकाला उन्हाळा म्हणजे वर्षाची कमाई,
बाकीचे महिने त्याचे व्याज.

निबंधाला अडीचशे शब्द. तिचे झाले होते दोनशे शहाण्णव.
अंड्यांवरच्या मादीच्या शेपटीला खाच पाडून
ती पाण्यात परत सोडतात आमच्याकडे,
आणि खाच असलेली मादी कुणाच्याही पिंजऱ्यात आली
तरी ठेवून घ्यायची नसते.
ऑड्राने चार वर्षं वहीत नोंदलंय,
कुठली खाच कुठे दिसली, पाणी किती गार होतं.
आम्ही दोघी लाल पेन घेऊन कापत बसलो.
पहिल्यांदा गेली विशेषणं. मग हवामान.
मग तिने न विचारता "माझ्या वडिलांनी शिकवलं" कापलं.
तीन शब्द वाचले.
मी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

काल डेल्मर स्वतः आला, शाळा सुटल्यावर,
पावाच्या पिशवीत कराचे कागद घेऊन.
फी माफ व्हायची तर उत्पन्न दाखवावं लागतं.
आकडा त्याने तोंडाने सांगितला नाही,
कागदावर बोट ठेवलं आणि खिडकीकडे बघितलं.
मी टाइप केला. एवढ्यात त्याचा बोटीचा हप्ता कसा निघतो,
हे विचारायचा फॉर्मला अधिकार असेल, मला नव्हता.

अर्ज भरायचा, फी भरायची, पिंजऱ्यात आमिष भरायचं,
भरती बघून बोट काढायची.
एकच शब्द, किती कामाला जुंपलाय.

जाताना त्याने खिशातून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक काढलं,
बंदरावरच्या दुकानात फुकट मिळतं ते.
जुलैच्या पानावर पेन्सिलीने सहा आठवड्यांना कंस घातलेला,
बाजूला एक नाव : ट्रॅव्हिस.
"मेहुण्याचा पोरगा. आळशी आहे.
पण येतो म्हणालाय."
मग दाराशी थांबून,
"तिथे परत पाठवतात ना पोरांना?"
हसला. मीही हसले.
इथून गेलेल्यांपैकी कितीजण परतले
ते दोघांनाही तोंडपाठ आहे.

आता रात्रीचे अकरा.
एक टक्क्याच्या चौकटीत खूण केली.
उरलेली मुलगी कुठे लिहायची
त्याला जागा सापडली शेवटच्या पानावर :
आणखी काही सांगायचं असल्यास. ऐच्छिक.

मी तिथे वहीबद्दल लिहिलं. बापाबद्दल लिहिलं,
तिने कापलेले तिन्ही शब्द जसेच्या तसे.
मर्यादेपेक्षा जास्त झालं असेल.
मोजलं नाही.