इशारा पातळी

राजाराम बंधाऱ्यावर पाणी मोजायचं काम माझं.
सकाळी आठ, दुपारी चार,
पूर असला की दर तासाला.
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका,
हे इथल्या पोराटोरांनाही पाठ.
पानपट्टीवर, दूध कट्ट्यावर, सलूनमध्ये
एकच विचारतात : "किती झालं ओ, समुद्रे?"
मी आकडा सांगतो.
आकड्यावर कुणी शंका घेत नाही.

रविवारी मी चर्चमध्ये मागून दुसऱ्या बाकावर.
कडक इस्त्रीचा सदरा, दानाच्या थैलीचा हिशेब,
महिन्यातून एकदा शास्त्रपाठ, खणखणीत आवाजात.
तिथं कुणी विचारत नाही किती झालं.

विचारलं असतं, तर सांगितलं असतं :
धाकटा गेला त्या ऑगस्टात एकदम चढलं.
सीपीआरच्या जिन्यात आम्ही अकराजण गुडघ्यांवर,
पाळक सातपुते डोळे मिटून, आवाज चढवून
मागत होते, मागतच होते,
आणि वरून सिस्टर खाली आली
तेव्हा आमचं आमेन व्हायचं होतं.
ते अजून व्हायचं आहे.

देवाची इच्छा, म्हणाले सगळे.
सगळ्यांनीच पिठलं-भात आणून दिला,
भांडी घासून पालथी घातली,
रात्री दोघंजण सोप्यात झोपले.
पिठलं मला पटलं.

तेव्हापासून गीताला मी नुसते ओठ हलवतो.
येस्तेर मावशी पुढच्या बाकावर,
एका कानानं ठार बहिरी,
तिलाच नेमकं कळलं.
फाटकाशी गाठलं तिनं मला,
पिशवीत गीतांची वही, वहीवर मेथीची जुडी.
"तू म्हनत न्हाईस."
म्हटलं, मावशी, येत नाही. आतनं काही येतच नाही.
मला वाटलं, आता वचन काढणार,
डोक्यावर हात ठेवून डोळे मिटणार.
ती मेथीतली पिवळी पानं काढत उभी राहिली.
"मग नुस्ता बस जा. तुज्या वाटचं मी म्हनते.
पर बाक सोडू नगंस.
मागं कुनी नसलं की पाठीला वारं लागतंय माज्या."

गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता
बेचाळीस फूट आठ इंच.
विजेरीच्या उजेडात पट्टीचं फक्त टोक दिसत होतं,
बाकी सगळे आकडे गढूळ पाण्याखाली,
एक, दोन, दहा, तीस,
एकही दिसत नव्हता,
आणि त्यांच्याच भरवशावर मी बेचाळीस लिहीत होतो.
पाळकांनी याचा उपदेश केला असता.
मला करता येत नाही.
ती पट्टी रंगवणारा पेंटर मी पाहिलाय,
शिडीवर बसून त्याला चहा दिलाय.
वरच्या पट्टीचा पेंटर
मी पाहिलेला नाही.

त्या रविवारी चर्च अर्धं रिकामं.
मावशी शिरोळला लेकीकडं अडकलेली, रस्ते बंद.
गीत सुरू झालं आणि माझ्या पुढ्यात
तिच्याएवढी एक जागा गप्प राहिली.
तिच्या वाटचं, माझ्या वाटचं,
दोन्ही थकलेलं, व्याजासकट.
दुसऱ्या कडव्याला माझं तोंड उघडलं.
आवाज फाटका निघाला, पट्टी चुकली,
पेटीवाल्या शद्रखनं मान वळवून बघितलं.
एवढंच.
ना डोळे भरले, ना आत काही उजळलं.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. मावशी आली,
काही विचारलं नाही, बाक पुसून बसली.

आमच्या नोंदवहीत आकड्यापुढं एक रकाना असतो :
वाढ, घट, स्थिर.
त्या रविवारचा
मी अजून भरलेला नाही.