लॉट नंबर

पत्रकात लिहिलंय:
खोलीच्या तापमानाला चार तास.
कुणाच्या खोलीच्या, ते लिहिलेलं नाही.
आमच्या खोलीवर पत्रे आहेत,
आणि एप्रिलात जालन्यात दुपारी
त्या पत्र्यांवर कावळाही पाय टेकत नाही.

म्हणून थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या,
वरून ओलं फडकं.
स्कूटीवर तो पायांत धरून नेते,
गतिरोधकाआधी उगाचच श्वास रोखते.

कंपनीत मी बियाणं तपासते.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
ठरल्या दिवशी उलगडून मोजायचे,
किती उगवले, किती कुजले, किती नुसते फुगून बसले.
पाकिटावर लॉट नंबर, तारीख, सही.
घरी पहाटे तेच करते.
पांढरी पट्टी, निळं पेन:
एकोणीस एप्रिल, साडेपाच, नव्वद मिली.
सहीची जागा कोरी सोडते.

साडेअकराला नमुन्यांच्या खोलीत जाते.
कडी बसत नाही,
दाराला सोयाबीनचं पोतं लावते, तीस किलोचं.
पंप घरघरत राहतो.
आधी काहीच येत नाही.
मग फोनवर निरंजनाचा व्हिडिओ लावते,
सात सेकंदांचा. त्यात ती फक्त जांभई देते.
तिसऱ्या जांभईला पान्हा फुटतो.
बाहेर कुणीतरी विचारतं, मॅडम कुठंयत?
कुणीतरी म्हणतं, मोजणी चालू आहे.

शीतगृहात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत,
असा नियम आहे. पाटीही आहे.
स्टोअरचे मुजीबभाई पाटीखालीच बसतात.
पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली बाटली पाहिली,
मग छताकडे पाहिलं,
मग रजिस्टर ओढून सावकाश लिहिलं:
नमुना, द्रव, एक नग. परत नेण्याची वेळ ५.४०.
कपाशीच्या मादी वाणामागची फळी
तेव्हापासून माझी आहे.

भोकरदन नाक्यामागे प्रयागबाईचं पाळणाघर,
दोन खोल्या, सहा लेकरं.
"फ्रिजातलं गार दूध? कामून गं माय?"
पहिल्या दिवशी तिनं ते गॅसवर उकळलं
आणि साय धरायची वाट पाहत बसली.
मी दाखवलं: कोमट पाण्याच्या वाडग्यात उभं करायचं,
हलवायचं नाही, नुसतं गोल फिरवायचं,
थेंब मनगटावर टाकून बघायचा.
तिनं थेंब टाकला, बोटानं टिपला,
चाखला.
"गोड आहे की," म्हणाली,
जणू मी इतके दिवस लपवून ठेवलं होतं.

मे महिन्यात डीपी जळाली.
रात्रभर, दुसरा दिवसभर, पुन्हा रात्र.
फ्रिज उघडला तर अकरा पिशव्या मऊ.
वितळलेलं पुन्हा गोठवायचं नसतं.
चोवीस तासांत निरंजना पाच पिईल,
फार तर सहा.
हिशेब मला येतो, तेच तर माझं काम.
उरलेल्या पाच:
एक पहाटेची, ताप असतानाची.
एक रविवारची, जास्तीची.
एक ऑडिटच्या दिवशीची, जेमतेम तीस मिली,
त्या तिसासाठी पाऊण तास.

सासूबाई म्हणाल्या, मोरीत ओतू नको, पाय पडतो.
नळ येऊन अकरा दिवस झाले होते.
दारातल्या शेवग्याची पानं पिवळी.
त्याच्या बुडाशी एकेक पिशवी फोडली.
मातीनं आवाजही केला नाही.
मुंग्या आल्या. मी आत गेले.
पट्ट्या मात्र सोलून ठेवल्या,
वहीच्या मागच्या पानावर चिकटवल्या.
प्रयोगशाळेत असं झालं की आम्ही
लाल शिक्का मारतो: लॉट रद्द.
माझ्याकडे तसला शिक्का नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा तेच.
साठ मिली.

प्रयागबाईला लिहिता येत नाही.
आमचं ठरलंय, पट्टीवरच खूण करायची:
रेघ म्हणजे पिली,
फुली म्हणजे टाकून दिलं.
काल संध्याकाळी रिकामी बाटली धुताना पाहिलं,
एक रेघ, तिच्याशेजारी आणखी एक रेघ,
आणि त्याखाली एक गोल,
थोडा वाकडा, नीट जोडलेला.
गोलाचं आमचं काही ठरलेलं नव्हतं.