चिव्याची नळी

नोव्हेंबरात भोगव्याला उतरली दोघं,
यान आणि हिल्डे, गेन्टची.
माझी समुद्राकडची खोली घेतली.
कपडे थोडेच,
वाद्यांनाच वेगळी खाट लागली.

सिकू म्हणतात त्या नळ्यांना.
एकच चाल दोघांत वाटलेली:
सा त्याच्याकडे, रे तिच्याकडे,
ग पुन्हा त्याच्याकडे.
एकट्याला पुरं होऊच नये
अशीच ती केलेली.

तीस वर्षं हेच.
बोलिव्हियाच्या पठारावरचं थंड ऊन,
बटाट्याच्या पेरणीची गाणी,
आणि इथं खाली
रापण ओढणाऱ्यांचा आरडाओरडा.

खारा वारा लागून
हिल्डेची एक नळी उभी तडकली.
मी तिला तातूकडे नेलं, सुपं-रोवळ्या विणतो तो.
त्यानं चिव्याचं कांड निवडलं,
कोयतीनं तासलं, फुंकलं, परत तासलं.
मग मान वर न करता:
"तुजो गाव खंयचो?
मगे गाणी दुसऱ्याची कित्याक?"

मला इंग्रजीत सांगता आलं असतं.
पण देवळात बुवांनी पेटीचा भाता उघडला होता,
आणि त्या पेटीला
आजवर कुणी गाव विचारला नव्हता.

हिल्डेला तरी समजलं.
म्हणाली, एकदा ऐकलं,
मग दुसरं काही वाजवेना.

संध्याकाळी अंगणात वाजवलं त्यांनी.
नवी नळी जराशी चढी लागत होती.
तातू पायरीवर, विडी विझलेली.
ती नळी आली की
दर वेळी हळूच म्हणायचा,
"ह्यो माजो."