भोंग्याची वेळ

सव्वासहाला नांदेडला उतरलो,
अकरा वर्षांनी.
सरकता जिना चालू होता, वर कुणीच नाही;
एक कुत्रं खालच्या पायरीशी
विचार करत उभं.

"कुणीकडं जायलाव?"
म्हटलं, गिरणीच्या गेटावर.
रिक्षावाल्यानं आरशात माझं वय पाहिलं.
"कंची? ती पुलाखालची?"

रस्ता रुंद करताना घरं उभी चिरलीत.
एका भिंतीवर अर्धी न्हाणी उरलीय, निळ्या फरशीची,
साबणाच्या कोनाड्यासकट.
कुणाची होती, आता सगळ्यांनाच दिसते.
पुढं मोठ्या फलकावर
नीटला सातशे पडलेली पोरं
झोपेतून उठवल्यासारखी हसतात.

गेट आहे.
आत कमरेएवढं गवत
आणि पाटी: येथे लवकरच.
काय, ते लिहिलेलं नाही.

मफलरीतून मुक्तीराम वॉचमन म्हणाला, "कोण पाहिजे?"
मला काही सुचेना.
बापाचा टोकन नंबर तेवढा पाठ होता, तोच सांगितला:
तेवीसशे सोळा.

तो बराच वेळ गवताकडं बघत राहिला.
"स्पिनिंग. तिसरी पाळी.
डाव्या हाताचं एक बोट नव्हतं."
नाव त्याला आठवलं नाही.
मीही सांगितलं नाही.

सात वाजले.
भोंगा झाला नाही, होणार कुठून?
मुक्तीराम मात्र उठला,
भिंतीलगतची खुर्ची उचलून
नुकत्या आलेल्या उन्हात ठेवली,
म्हणाला, "पाळी बदलली.
बसा. च्या सांगतो."