एकच व्यक्ती

जन्मदाखल्यावर मी नाहीच.
बिटको रुग्णालय, नाशिक रोड, वजन दोन किलो सातशे,
लिंग : स्त्री,
आणि नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ.
"तेव्हा सुचलं नव्हतं," आई म्हणते,
"बाराव्या दिवशी आत्याने ठेवलं.
मग कोण जातंय परत महापालिकेत."

आत्याची हौस : मृदुला.
तिला काय माहीत,
म-च्या पायाशी वळलेल्या त्या शेपटीला
विमानात जागा मिळत नाही.
शाळेने तिचा रु केला,
पासपोर्टवाल्यांनी रि,
बारावीच्या मार्कशीटवर ती तुटूनच पडली, राहिली मदुला.
विद्यापीठाने आडनाव पुढे आणि वडील शेवटी छापले,
म्हणून ड्रेसडेनहून पत्र येतं :
प्रिय कुमारी दामोदर.

सीबीएसला, कोर्टाच्या भिंतीशी,
छत्रीखाली प्रिंटर, कागदांवर वीट,
पिंगळे वकील मराठीत टाइप करू लागले :
शपथेवर सांगते की
मृदुला आणि मृदुला या एकच व्यक्ती आहेत.
थांबले. पुन्हा वाचलं.
"याला शपथ कशाला लागते?" असं म्हणून
स्वतःशीच हसले आणि इंग्रजीकडे वळले.

पाचशेचा स्टॅम्प पप्पांनी हातात घेतला,
उन्हाकडे धरला,
आतलं जलचिन्ह पाहून म्हणाले, "आपला आहे."

एकतीस वर्षं प्रेसमध्ये.
भोंग्याला आत, भोंग्याला बाहेर,
बाहेर पडताना रोज झडती.
स्टॅम्प तिथले, तिकिटं तिथली, पासपोर्टही तिथलेच,
पण घरी त्यांनी कधी कोरं चिटोरं आणलं नाही.
किराण्याची यादी आई
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमागे लिहिते.

मग पैशांचे कागद.
बँकेतले साहेब विचारतात,
एवढी रक्कम खात्यात अचानक कुठून आली?
अचानक.
अर्धा पीएफ, आईच्या पाटल्या,
जेल रोडच्या फ्लॅटवरचं कर्ज,
आणि मामाचे दोन लाख,
ज्यांच्या बक्षीसपत्रासाठी तो सटाण्याहून दोनदा आला
आणि दोन्हीदा आधार कार्ड विसरला.

सीए बसतात कॅनडा कॉर्नरला.
"बघ, कॅनडात आलो, व्हिसा नाही लागला,"
पप्पा जिन्यात म्हणाले.
त्या महिन्यातला त्यांचा एकुलता एक विनोद.
वर मात्र ते खुर्चीच्या कडेवर बसले
आणि त्यांची सगळी मालमत्ता,
स्कूटर आणि मंगळसूत्र धरून,
एका पानात मावली. खाली शिक्क्यालासुद्धा जागा उरली.

रात्री फाइल लावायला बसलो.
मूळ प्रती डावीकडे, झेरॉक्स उजवीकडे,
पिना नकोत, क्लिपा चालतील.
यादीत अठरावी ओळ :
खर्च करणाऱ्याचा पासपोर्ट, असल्यास.
पप्पांनी ती बोटाखाली धरून वाचली.
"असल्यास," म्हणाले. "लिही, नाही."
आई पोळ्या डब्यात भरत होती, पहाटेच्या पंचवटीसाठी.
तिने झाकण जरा जोरात लावलं.

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

शेवटी त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला.
फोटो पाहिला नाही, नावही नाही.
मधलं पान उघडून शिलाईवर नख फिरवलं,
टोचलेल्या आकड्यांवर अंगठा,
मग एकेक पान, शेवटपर्यंत, कोरं, कोरं, कोरं.
"दोरा पक्का आहे."

त्यांनी तो माझ्या हातात परत दिला
आणि उठताना, सवयीने,
सदऱ्याचे दोन्ही खिसे
उलटे करून दाखवले.