तुवालू : चार्ट पेपरवर

मगदूम सरांनी वर्गात चिठ्ठ्या उचलायला लावल्या.
कुणाला ब्राझील आलं, कुणाला जपान.
आमच्या अस्मिताला तुवालू.
रडतच आली घरी :
पप्पा, असला देश असतोय काय?

असतोय म्हटलं. चिठ्ठीवर आलाय म्हणजे असणारच.

लक्ष्मीपुरीतनं पिवळा चार्ट पेपर आणला,
दूध संस्थेचं रजिस्टर बाजूला सारलं
आणि चिखलीत, मागच्या सोप्यात,
बापलेक देश लिहायला बसलो.

पहिली ओळ : बेटं नऊ.
नावाचा अर्थ, आठ जण एकत्र उभे.
मग नववं कुठं गेलं?
तिथं वस्ती नव्हती, म्हणून मोजलं नाही.
बायको आतनं म्हणाली,
सातबारावर बहिणीचं नाव गाळतात, तसलंच की.
ही ओळ आम्ही चार्टवर घेतली नाही.

लोकसंख्या अकरा हजाराच्या आसपास.
अख्खा देश खासबागेत कुस्ती बघायला बसवला
तरी मागच्या पायऱ्या रिकाम्या राहतील.

मी पहाटे पाचला धार काढायला बसतो
तेव्हा तिथं दुपारचे साडेअकरा वाजलेले असतात.
म्हणजे आपला दिवस त्यांनी आधी वापरलेला असतोय का?
मी म्हटलं, हे सरांना विचार.

विमानाची धावपट्टी एकच.
विमान यायच्या आधी भोंगा वाजतो,
पोरं, कुत्री, मोटरसायकली बाजूला होतात.
विमान गेलं की पोरं परत,
संध्याकाळी तिथंच खेळ, गरमीत तिथंच चटया.
अस्मिताला हा देश इथनं आवडायला लागला.

पीक : नारळ, आणि अळवासारखा एक मोठा कंद.
खड्डे खणून खड्ड्याच्या तळाला लावतात,
कारण गोडं पाणी तिथंच गावतं.
आता त्या खड्ड्यात खालनं खारं पाणी चढतंय.
वरनं आलेलं पाणी दिसतं तरी.
हे मी बोललो नाही. गोठ्याच्या भिंतीकडं बघितलं,
एकोणीस सालची रेघ अजून आहे,
माझ्या डोक्याच्या वर हातभर.

सगळ्यात उंच जागा?
पंधरा फूट.
ती हसायला लागली.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीसला इशारा,
त्रेचाळीसला धोका,
पंधराला तर आपण पेपर पण उघडून बघत नाही.
बाळ, त्यांची मोजपट्टी वेगळी, समुद्रापासनं मोजतात,
असं समजावता समजावता
मी स्वतःच कुठंतरी थांबलो.

पुढं वाचलं :
ते आपल्या देशाची प्रत कॉम्प्युटरात ठेवायला लागलेत,
एकेक बेट, एकेक घर.
चांगलं आहे. आमचाही सातबारा ऑनलाइन झालाय.
म्हैस मात्र अजून खुंट्यालाच बांधावी लागते.

आणि दरवर्षी दोनशे ऐंशी जणांना
चिठ्ठी काढून ऑस्ट्रेलियात घेतात.
अस्मिता म्हणाली, आपल्याला सोनतळीला प्लॉट दिलाय तसं?
तसंच.
मग ते परत येतात काय, पाणी उतरल्यावर?

चुलीवर दूध होतं. उतू गेलं.
बायकोनं फडकं आणलं, कुणीच काही बोललं नाही.

शेवटी नकाशा.
नऊ ठिपके काढले, एकेक जपून,
आठ एकत्र, एक जरा लांब.
मग निळं पेन घेतलं आणि समुद्र भरायला घेतला.
तिसऱ्या बेटापर्यंत पेन संपलं.
दुकानं बंद झालेली.
राहू दे पिवळाच, ती म्हणाली,
आपल्या पुराचं पाणी तरी कुठं निळं असतंय.

खाली रिकामी ओळ राहिली होती :
तेथील लोक काय करतात?
शेती, मासेमारी, असलं काही सांगणार होतो,
तोवर तिनं लिहूनसुद्धा टाकलं :
तिथंच राहतात.

मगदूम सरांनी दहापैकी नऊ दिले.
लाल पेनानं शेरा : समुद्र निळा असतो.

सरांचं घर राजारामपुरीत आहे. चढाला.