येतो म्हण

आमच्या कोल्हापुरात बाईसुद्धा म्हणते,
मी जातो, मी करतो.
पुण्याच्या हॉस्टेलवर पोरी फिदीफिदी हसल्या होत्या.
सुट्टीत येऊन विचारलं, आई, आपण असं का बोलतो?
ती लसूण सोलत होती. म्हणाली,
बोलायला काय जातंय.

बोलायला काही जात नाही, हे खरं.
मी जातो म्हणणारी आई
एकटी कधी बिंदू चौकापुढं गेली नाही.
मी ठरवतो म्हणणाऱ्या आईनं
साडीचा रंगसुद्धा आत्यांना विचारून ठरवला.
मी फक्त ते क्रियापद खरं मानलं.

उद्यमनगरात तीन लेथ माझ्या.
एक जुनी, तेल गळणारी.
केसाच्या जाडीची चूक माझ्या बोटाला कळते,
आईला दिसतं ते नखातलं काळं.
असल्या हातानं देवाला शिवतीस?

छत्तिसाव्या वर्षी घर घेतलं,
कळंब्याकडं, तिसरा मजला.
पेटलं ते वास्तुशांतीवरून.
पाटावर जोडपं लागतं,
रणधीर आणि वहिनी बसतील,
मी ठरवलंय, आई म्हणाली.

हप्ता माझा. पाटावर रणधीर?
मग तू बस माझ्याशेजारी, मी म्हटलं.
ती गप्प झाली. हात कपाळाकडं गेला, नुसता,
जिथं अकरा वर्षं काही नाही.
आईची चेष्टा लावलीस व्हय?

मी चेष्टा करत नव्हतो.

सात आठवडे फोन नाही.
पूजा झाली नाही. कॉट टाकली आणि
राहायला लागलो.

काल सांजचं दार वाजलं.
आई. हातात किटली,
गंगावेशीतलं दूध, म्हशीखालचं, अजून कोमट.
आत येत न्हाई मी, म्हणाली,
नव्या शेगडीवर दूध उतू घाल, तेवढं तरी कर.

पातेलं ठेवलं. ती उंबऱ्याबाहेर,
मी गॅसपाशी, दोघी दुधाकडं बघत.
साय फुगली तसा माझा हात आपोआप बटणावर.
उतू गेलं की बरकत जाती, तिनंच शिकवलेलं.
हात काढ! ती दारातनं ओरडली.
काढला.
दूध फसफसत ओट्यावर, ओट्यावरून ड्रॉवरात,
घरभर करपट वास,
आणि ती आत होती, पदरानं ओटा पुसत.
कधी आली, तिलाही कळलं नसावं.

बसली नाही. चहा नको.
दारावरची पाटी वाचली, रेवती इंगवले.
मधी बापाचं नाव कुठाय?
पुन्हा सुरू. बाप, भाऊ, लोक काय म्हणतील,
म्हातारपणी पाणी कोण देणार.
मीही बोललो नको ते.

जातो मी, म्हणाली.
लिफ्टला भिते, जिन्यानं उतरायला लागली.

शाळेला निघताना मी जातो म्हटलं
की ती दप्तर ओढून परत उंबऱ्यावर उभं करायची.
जातो न्हवं. येतो म्हण.

कठड्यावरून वाकून ओरडलो,
आई, येतो म्हण!

दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली.
शेजारच्यांच्या कुकरची एक शिट्टी, मग दुसरी.
मग पावलं पुन्हा खाली.
काही म्हणाली असेल तर ते शिट्टीत गेलं.

आत आलो.
किटली तिनं नेली.
झाकण ओट्यावरच राहिलंय,
आतल्या बाजूला साय लागलेलं.